लग्नानंतरचं प्रकरण

२२ जून १८३६. लंडनला वेस्टमिन्स्टरच्या कोर्टात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. प्रतिवादी होता खुद्द इंग्लंडचा पंतप्रधान, लॉर्ड मेलबर्न. वादी होता जॉर्ज नॉर्टन नावाचा बॅरिस्टर, लंडनमध्येच पोलीस मॅजिस्ट्रेट म्हणून काम करणारा. त्याचं म्हणणं असं, की पंतप्रधानांनी माझ्या बायकोशी अनैतिक संबंध ठेवले, त्यात माझं नुकसान झालं, सबब मला १०,००० पौंड भरपाई मिळावी.

जिच्या अब्रूचा हा पंचनामा चालला होता ती कॅरोलाइन नॉर्टन मात्र या दाव्यात कोणीच नव्हती. ती वादी नव्हती, प्रतिवादी नव्हती, साक्षीदारही नव्हती. तिच्या वतीने वकील उभा राहण्याचा प्रश्नच नव्हता. कायद्याच्या लेखी हा दोन पुरुषांमधला नुकसानभरपाईचा तंटा होता. एकाने दुसऱ्याच्या शेतातलं उभं पीक कापून नेलं तर जसा दावा होईल तसाच.

पत्रकारांच्या बाकावर ‘मॉर्निंग क्रॉनिकल’चा २४ वर्षांचा वार्ताहर भराभर लिहून घेत होता. अडीच महिन्यांपूर्वीच त्याचं लग्न झालं होतं, आणि ‘पिकविक पेपर्स’ नावाची त्याची गोष्ट दरमहा हप्त्याहप्त्याने निघायला लागली होती. हा चार्ल्स डिकन्स. त्याच्यापुढे नोकरचाकरांची रांग साक्षीला उभी राहिली. मुख्य साक्षीदार फ्लूक हा कामावरून काढून टाकलेला गाडीवान, आणि दारू पितो हे त्याने स्वतःच कबूल केलं. पुरावा म्हणून मेलबर्नच्या चिठ्ठ्या वाचल्या गेल्या. मी अमुक वाजता येतो, आज जमणार नाही, अशा दोनदोन ओळींच्या. त्यात भयंकर अर्थ दडला आहे असं वादीच्या वकिलाने ज्युरीला पटवायचा प्रयत्न केला. रात्री उशिरा निकाल लागला तेव्हा ज्युरीने उठून दुसऱ्या खोलीत जाण्याचीही तसदी घेतली नाही. जागेवरच कुजबुजून त्यांनी मेलबर्नला निर्दोष ठरवलं. पुढच्या वर्षी ‘पिकविक’मध्ये मिसेस बार्डेलचा खटला आला. त्यात जेवणाच्या साध्या निरोपाच्या चिठ्ठीतून वकील प्रेमप्रकरण उकरून काढतो, आणि सगळा इंग्लंड त्यावर पोट धरून हसला.

मेलबर्न सुटला आणि पुढे १८४१पर्यंत पंतप्रधान राहिला. डिकन्सला विनोद मिळाला. कॅरोलाइनला काय मिळालं हे सांगण्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण तिची गोष्ट जिथे सुरू होते तिथे तोवरच्या बहुतेक इंग्रजी कादंबऱ्या संपत असत.

जेन ऑस्टिन आपल्याकडे कॉलेजात लावली जाते, टीव्हीवरच्या मालिकांतून भेटते, आणि लक्षात राहतो तो डार्सी. पण ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) हातात पेन्सिल घेऊन वाचावं. पानोपानी आकडे आहेत. डार्सीचं उत्पन्न वर्षाला १०,००० पौंड. बिंग्लीचं चार-पाच हजार. मिस्टर बेनेटचं २,०००, पण ती इस्टेट फक्त पुरुष वारसाकडे जाणारी. पाच मुली असून उपयोग नाही. बाप डोळे मिटेल त्या दिवशी घर, जमीन, सगळं कॉलिन्स नावाच्या दूरच्या भावाच्या ताब्यात. मिसेस बेनेट सतत स्थळांच्या मागे धावते म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वाचक तिला हसत आले. मला ती त्या घरातली एकमेव शहाणी बाई वाटते. मिस्टर बेनेट पुस्तकात तोंड खुपसून बसतो, आणि नवरा गेल्यावर आपण सहाजणी कुठे राहणार हा हिशेब एकटी ती करत असते.

लिडिया विकमबरोबर पळून जाते तेव्हा घरच्यांची पहिली आशा असते की दोघं स्कॉटलंडला ग्रेटना ग्रीनला गेली असतील. त्यालाही कायद्याचं कारण होतं. १७५३च्या हार्डविक कायद्याने इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालच्यांना लायसन्स काढून लग्न करायचं तर बापाची संमती लागायची. स्कॉटलंडच्या हद्दीत तो कायदा चालत नसे, म्हणून सरहद्दीवरच्या त्या पहिल्या गावात पळून आलेल्या जोडप्यांची रीघ. लिडियाचं प्रकरण शेवटी मिटतं ते पैशांनी. विकमचं हजाराहून जास्त कर्ज फेडायचं, वर लिडियाच्या नावाने रक्कम ठेवायची, शिवाय त्याला नोकरी मिळवून द्यायची. हा सौदा डार्सी करतो, आणि आपण त्याला प्रेम म्हणतो. ते प्रेम आहेच. पण ऑस्टिन रकमा लपवत नाही.

ती लपवणार तरी कशी? २ डिसेंबर १८०२ला मॅनिडाउन पार्क या मोठ्या घरच्या वारसाने, हॅरिस बिग-विदरने, तिला मागणी घातली. तिची सत्तावीस वर्षं पुरी व्हायला दोन आठवडे होते. ती संध्याकाळी हो म्हणाली आणि सकाळी नाही म्हणून घोडागाडीतून निघून गेली. तिच्या कादंबरीतली शार्लट लूकसही सत्तावीसचीच. तिला दिसायला सुमार, बोलायला कंटाळवाणा कॉलिन्स सांगून येतो आणि ती हो म्हणते, कारण डोक्यावर छप्पर हवं असतं. ऑस्टिनने शार्लटला कुठेही शिक्षा केलेली नाही. स्वतः ऑस्टिनला नकाराची किंमत मोजावी लागली. १८०५मध्ये वडील गेले, आई आणि दोघी बहिणी भावांच्या मदतीवर आल्या, आणि १८०९मध्ये श्रीमंत घरी दत्तक गेलेल्या एडवर्ड या भावाने चॉटनचं छोटं घर दिलं तेव्हा कुठे तिच्या कादंबऱ्या बाहेर पडू लागल्या. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे सगळे हक्क तिने प्रकाशकाला ११० पौंडांना विकले.

पण तिला लग्नानंतरचं फारसं लिहायचं नव्हतं. चर्चमधून वरात बाहेर पडली की ऑस्टिन पेन खाली ठेवते. चर्चच्या त्या दारात मुलीचं काय होत असे? इंग्लंडचा कॉमन लॉ सांगायचा की नवरा-बायको मिळून एकच व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. तिच्याजवळचे पैसे, दागिने, कपडे, पुढे ती कमावेल ते सगळं त्याचं. तिला करार करता येत नाही, दावा लावता येत नाही, मृत्युपत्र करता येत नाही. मुलं बापाची. श्रीमंतांनी यातून वाट काढली होती. लग्नाआधी वकिलाकडून सेटलमेंट करायची, मुलीच्या पैशावर ट्रस्टी नेमायचे, मग जावयाला हात लावता येत नाही. चॅन्सरी कोर्ट तो दस्तऐवज मानत असे. म्हणजे सरदाराच्या लेकीला एक कायदा आणि दुकानदाराच्या, शिक्षकाच्या, मजुराच्या लेकीला दुसरा. वर्गाचा फरक कपड्यांत आणि बोलण्यात दिसायचा तो वरवरचा. खरा फरक वकिलाच्या कपाटात होता.

कॅरोलाइन या दोन्हींच्या मध्ये सापडली. ती नामवंत नाटककार रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडनची नात. जन्म १८०८चा. आजोबांनी नाव मोठं ठेवलं आणि पैसा शून्य. वडील १८१७मध्ये केप ऑफ गुड होपला वारले, आणि विधवा आई मुलाबाळांना घेऊन हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राजकृपेने मिळालेल्या खोल्यांत राहू लागली. तिघी बहिणी दिसायला देखण्या, बोलायला तल्लख, आणि हुंड्याच्या नावाने शंख. १८२७मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, तिला जॉर्ज नॉर्टनला दिलं. तो लॉर्ड ग्रँटलीचा धाकटा भाऊ, पार्लमेंटचा सभासद. धाकटा म्हणजे किताब नाही, इस्टेट नाही, पण दिमाख पुरता.

लग्न पहिल्या काही महिन्यांतच विस्कटलं. कॅरोलाइनने पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे की एकदा न्याहारीच्या टेबलाशी नवऱ्याने मुद्दाम चहाची तापलेली किटली तिच्या हातावर टेकवली. ती मात्र लिहीत राहिली. १८२९मध्ये कवितांचं पहिलं पुस्तक, मग दुसरं, मग मासिकांचं संपादन, कादंबऱ्या. घरात पैसा येऊ लागला तो तिच्या लेखणीतून. जॉर्जची खासदारकी गेली तेव्हा आजोबांच्या ओळखीच्या आधारावर तिने मेलबर्नला नोकरीसाठी गळ घातली. तो तेव्हा गृहमंत्री होता. त्याने जॉर्जला वर्षाला १,००० पौंडांची मॅजिस्ट्रेटची जागा दिली. मेलबर्न घरी येऊ लागला, गप्पा रंगू लागल्या, आणि जॉर्जला त्यात काही गैर वाटलं नाही, जोवर त्या ओळखीतून आणखी काही पदरात पडेल अशी आशा होती तोवर. १८३६च्या ईस्टरला कॅरोलाइन बहिणीकडे जायच्या तयारीत असताना त्याने मुलं परस्पर घराबाहेर काढली. तीन मुलगे. थोरला सात वर्षांचाही नव्हता आणि धाकटा विल्यम अडीच वर्षांचा. दोन महिन्यांनी कोर्टात दावा.

आता निकालाचा अर्थ लक्षात येईल. व्यभिचार सिद्ध झाला नाही, म्हणून जॉर्जला घटस्फोट मिळण्याची वाट बंद. कॅरोलाइनला तर ती वाट कधी नव्हतीच. तेव्हा पूर्ण घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतःपुरता कायदा मंजूर करून घ्यावा लागे. १८५७पर्यंत असे शेकडो कायदे झाले, त्यांत बायकांच्या अर्जावरून झालेले फक्त चार. म्हणजे निर्दोष ठरूनही ती त्याचीच बायको राहिली. तिची पुस्तकं, पत्रं, कपडे त्याच्या घरात, कायद्याने त्याचे. मुलं त्याने स्कॉटलंडला बहिणीकडे पाठवून दिली.

इथून पुढची कॅरोलाइन मला कुठल्याही कादंबरीच्या नायिकेपेक्षा जास्त रंजक वाटते, कारण ती नायिकेसारखी वागत नाही. ती झुरत नाही, आजारी पडून मरत नाही, समुद्रात उडी घेत नाही. ती कायद्याची पुस्तकं काढून बसते. आईला मुलांवर काडीचा हक्क नाही हे तिने आधी स्वतः समजून घेतलं, मग पत्रकं लिहून छापली. बाईचं नाव पाहून कोणी वाचणार नाही म्हणून त्यातल्या एका पत्रकावर ‘पिअर्स स्टीव्हन्सन’ असं पुरुषाचं नाव घातलं. टॅलफर्ड नावाच्या वकील खासदाराने विधेयक मांडलं. हा डिकन्सचा मित्र. ‘पिकविक पेपर्स’ पुस्तकरूपाने निघालं ते त्यालाच अर्पण केलेलं आहे. १८३९मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्यांची भेट यासाठी आईला कोर्टाकडे अर्ज करता येऊ लागला, तिच्यावर व्यभिचार शाबीत झालेला नसेल तर. इंग्लंडच्या कायद्यात विवाहित बाईला स्वतःचं असं काही पहिल्यांदाच मिळालं.

तिला स्वतःला त्याचा उपयोग झाला नाही. मुलं स्कॉटलंडमध्ये होती आणि हा कायदा तिथे लागू नव्हता. १८४२मध्ये विल्यम तट्टावरून पडला, जखम चिघळली. तिला निरोप गेला तो उशिरा. ती पोचली तेव्हा मूल गेलेलं होतं. त्यानंतर जॉर्ज उरलेल्या दोघांना थोडंथोडं भेटू देऊ लागला.

सहा वर्षांनी, १८४८मध्ये, यॉर्कशरच्या एका पाद्र्याच्या धाकट्या मुलीने पुरुषी टोपणनावाने एक कादंबरी छापली. ॲन ब्राँटेच्या ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’मधली हेलन दारुड्या नवऱ्याला सोडते आणि मुलाला घेऊन पळून जाते. कादंबरीचा काळ १८२०च्या आसपासचा, म्हणजे कॅरोलाइनच्या कायद्याच्या आधीचा. त्या काळात हेलन जे करते तो उघड कायदेभंग आहे. मूल नवऱ्याचं. ती खोटं नाव घेऊन चित्रं विकून पोट भरते, ती कमाईही कायद्याने नवऱ्याची. पळण्याआधीचा एक प्रसंग तर अंगावर येतो. नवऱ्याला तिची रोजनिशी सापडते, बेत कळतो, आणि तो तिच्याकडून किल्ल्या हिसकावून घेतो, पैसे काढून घेतो, आणि रंग, कुंचले, कॅनव्हास सगळं शेकोटीत टाकतो. मारहाण नाही, आरडाओरडा नाही. बाईचं कमावण्याचं साधन जाळलं की बस. समीक्षकांनी पुस्तक असभ्य ठरवलं. ॲन पुढच्याच वर्षी क्षयाने गेली, आणि थोरली बहीण शार्लट हिने ते पुन्हा छापायला विरोध केला. बहिणीवरच्या मायेपोटी असेल, पण त्यामुळे दोघी बहिणींची ‘जेन एअर’ आणि ‘वुदरिंग हाइट्स’ घरोघर पोचली आणि या तिसऱ्या पुस्तकाची खरी किंमत कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

शार्लटचं स्वतःचं ‘जेन एअर’ १८४७चं. लग्न न झालेल्या मध्यमवर्गीय मुलीला करता येण्यासारखं जवळजवळ एकच काम होतं, श्रीमंताघरी मुलांची शिक्षिका, म्हणजे गव्हर्नेस. १८५१च्या जनगणनेत इंग्लंडमध्ये अशा सुमारे २५,००० बायका होत्या. जेवायला ना मालकांच्या टेबलावर, ना नोकरांच्या स्वयंपाकघरात. शार्लटने हे भोगलं होतं. १८४१मध्ये एका घरी वर्षाला २० पौंड पगार ठरला, त्यातून धुलाईचे ४ कापले जायचे. कादंबरीतल्या जेनला ३० मिळतात आणि तिला ते भरपूर वाटतात. ‘व्हॅनिटी फेअर’मधली बेकी शार्पही गव्हर्नेसच. १८४८च्या डिसेंबरात ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये एलिझाबेथ रिग्बीने या दोन कादंबऱ्यांचं परीक्षण केलं आणि त्याच लेखात हलाखीतल्या गव्हर्नेसांना मदत करणाऱ्या संस्थेचा अहवालही घेतला. जेनवर तिने धर्माला न मानणारी, कृतघ्न म्हणून कडक ताशेरे मारले. पायरी सोडणारी गव्हर्नेस एका स्त्री समीक्षकालाही सहन झाली नाही.

जेनला शेवटी काकांचे २०,००० पौंड मिळतात, ती ते चौघांत वाटते आणि आपले ५,००० घेऊन आपल्या मर्जीने रॉचेस्टरकडे परत जाते. त्याच्याशी लग्न केलं त्या क्षणी ते ५,०००ही कायद्याने त्याचे झाले असणार. त्याबद्दल कादंबरीत अवाक्षर नाही. स्वतःच्या बाबतीत लेखिका इतकी भाबडी नव्हती. १८५४मध्ये वडिलांच्या हाताखालच्या पाद्र्याशी, आर्थर निकल्सशी लग्न करण्याआधी तिने रीतसर सेटलमेंट करून घेतली, ट्रस्टी नेमला, पुस्तकांचा पैसा आपल्याच नावे राखला. नऊ महिन्यांनी ती वारली. त्याआधी अंथरुणावरून तिने मृत्युपत्र केलं आणि सगळं नवऱ्याला दिलं. आर्थर चांगला माणूस निघाला होता. पण आधी कागद झाला आणि मग विश्वास, हा क्रम तिने सोडला नाही.

गरिबांकडे ना सेटलमेंट, ना ट्रस्टी. १८४५मध्ये हॉल नावाचा एक मजूर दुसरं लग्न केल्याबद्दल न्यायमूर्ती मॉलपुढे उभा राहिला. बायको त्याला सोडून दुसऱ्याकडे गेली होती. मॉलने त्याला गंभीर चेहऱ्याने समजावलं, की तू आधी त्या माणसावर दावा लावायचास, मग चर्चच्या कोर्टात जायचंस, मग पार्लमेंटकडे. हजाराहून जास्त पौंड खर्च आला असता, आणि तुझ्यापाशी हजार पेन्सही नसल्या तरी कायदा गरीब-श्रीमंत पाहत नाही. शिक्षा दिली एक दिवसाची. डिकन्सच्या ‘हार्ड टाइम्स’मध्ये (१८५४) गिरणीकामगार स्टीफनला मालक बाउंडरबी घटस्फोटाच्या खर्चाचा जवळजवळ हाच हिशेब ऐकवतो. आणि खेड्यांत लोकांनी आपला आपण एक घटस्फोट शोधून काढला होता, बाजारात बायको विकण्याचा. थॉमस हार्डीच्या ‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’ची (१८८६) सुरुवात तशीच होते. दारूच्या नशेत एक कामासाठी गावोगाव फिरणारा मजूर जत्रेत बायको पाच गिनींना विकतो. वाचकांना ते अतिरंजित वाटलं. हार्डीने जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांत अशा विक्रीच्या बातम्या वाचलेल्या होत्या.

कॅरोलाइनचा दुसरा खटला १८५३चा. यावेळी कारण होतं गाडी दुरुस्त करणाऱ्याचं थकलेलं बिल. १८४८मध्ये जॉर्जने तिला वर्षाला ५०० पौंड द्यायचं लेखी कबूल केलं होतं. मग तिच्या आईने तिच्यासाठी काही उत्पन्न ठेवलं, मेलबर्नच्या घरच्यांकडूनही थोडं मिळू लागलं, ते कळल्यावर याने आपले पैसे बंद केले. कॅरोलाइनने करार दाखवला. कायदा म्हणाला, नवरा-बायको एकच व्यक्ती, मग स्वतःशीच कोणी करार करतो का? करार रद्दबातल. त्या दिवशी मात्र ती कोर्टात हजर होती. तिच्या बँकेच्या आणि प्रकाशकांच्या नोंदी नवऱ्याच्या वकिलाने मागवल्या होत्या, आणि पंचेचाळिशीतली ही प्रसिद्ध लेखिका भर कोर्टात नवऱ्याशी तोंडाला तोंड देत होती. नंतर भांडण ‘द टाइम्स’च्या पत्रव्यवहारात गेलं. १८५४ आणि १८५५मध्ये तिने दोन पुस्तिका काढल्या, दुसरी थेट राणी व्हिक्टोरियाला उद्देशून. माझी पुस्तकं मी लिहिते आणि त्यांचा मोबदला कायद्याने त्याचा, हा त्यातला सरळ मुद्दा.

याच सुमारास बार्बरा ली स्मिथ या तरुणीने विवाहितांच्या मालमत्तेसाठी सह्यांची मोहीम काढली. १८५६मध्ये सुमारे २६,००० सह्या पार्लमेंटपुढे गेल्या. त्यांत कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगची सही होती, आणि एलिझाबेथ गॅस्केलचीही. गॅस्केलबाईंनी एका गोष्टीच्या मानधनाची हकीकत पत्रात लिहून ठेवली आहे. २० पौंड आले, आणि नवऱ्याने ते शांतपणे आपल्या खिशात घालून वर गुंडी लावली. नवरा सज्जन होता, संसार सुखाचा होता. गुंडी तरीही त्याच्याच खिशाची.

या मोहिमेपासून कॅरोलाइन लांब राहिली. बायका पुरुषांच्या बरोबरीच्या आहेत असं आपण मानत नाही, आपल्याला समता नको, संरक्षण हवं आहे, असं ती जाहीरपणे सांगत असे. आजच्या वाचकाला हे खटकतं. मला त्यात थोडा मुत्सद्दीपणाही दिसतो, कारण ज्या लॉर्डांकडून कायदा करून घ्यायचा त्यांच्याच दिवाणखान्यात ती वाढली होती. १८५७च्या घटस्फोट कायद्यात तिच्या म्हणण्याच्या खुणा सापडतात. टाकलेल्या बायकोची कमाई तिची, वेगळी राहणाऱ्या बायकोला करार करता येईल, दावा लावता येईल. मात्र नवऱ्याला घटस्फोटासाठी बायकोचा व्यभिचार पुरे होता, बायकोला नवऱ्याचा व्यभिचार आणि वर क्रूरता किंवा टाकून देणं असं दुहेरी सिद्ध करावं लागे. ही तफावत १९२३पर्यंत टिकली.

गंमत अशी, की त्याच वेस्टमिन्स्टरमध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या भिंतीवर डॅनियल मॅक्लीज या चित्रकाराने न्यायदेवता रंगवली तेव्हा चेहऱ्यासाठी त्याने कॅरोलाइनला निवडलं होतं. ते चित्र अजून तिथे आहे.

जॉर्ज १८७५मध्ये मेला. १८७७च्या मार्चमध्ये तिने जुन्या मित्राशी, सर विल्यम स्टर्लिंग-मॅक्सवेलशी लग्न केलं आणि जूनमध्ये ती गेली. १८७०च्या कायद्याने विवाहितेची मजुरी तिची झाली होती; १८८२च्या कायद्याने सगळी मालमत्ता. १८८५मध्ये जॉर्ज मेरेडिथने ‘डायना ऑफ द क्रॉसवेज’ लिहून तिला कादंबरीत बसवली. त्यात नायिका मंत्रिमंडळातलं गुपित वर्तमानपत्राला विकते. ही कॅरोलाइनबद्दलची जुनी कंडी होती आणि ती खोटी होती. पुढच्या आवृत्त्यांत मेरेडिथला टीप घालावी लागली की ही कल्पित कथा समजून वाचावी. जिने आयुष्यभर आपलं म्हणणं आपल्या लेखणीने मांडलं, तिच्या तोंडी शेवटी कादंबरीकाराने अफवाच घातली.

ही कादंबरी लंडनमध्ये वाचली जात होती त्याच वर्षी मुंबई हायकोर्टात दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई हा दावा उभा होता. अकराव्या वर्षी लग्न झालेली रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला जायला तयार नव्हती. दादाजीने मागितलं ते वैवाहिक हक्कांचं पुनर्स्थापन. धर्मशास्त्रात असा दावा नाही. तो इंग्लंडच्या चर्च कोर्टातून जहाजात बसून इथे आलेला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५मध्ये नेमकं हेच बोलून दाखवलं आणि दावा फेटाळला. अपिलात प्रकरण परत फिरलं, आणि मार्च १८८७मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. इंग्लंडमध्ये याच कारणासाठी बायकोला तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४मध्ये काढून टाकली होती. मुंबईत ती शाबूत होती.

या सगळ्या काळात, १८८४ ते १८८८, हिंदुस्थानचा व्हाइसरॉय होता लॉर्ड डफरिन. कॅरोलाइनच्या थोरल्या बहिणीचा, हेलनचा, तो एकुलता मुलगा. मावशीच्या घरातली भांडणं, कोर्ट, हिरावून नेलेले मावसभाऊ, हे त्याने लहानपणापासून जवळून पाहिलेलं. समाजसुधारक मलबारींनी बालविवाहाविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा १८८६मध्ये त्याच्या सरकारने कायदा करायला नकार दिला. रयतेच्या चालीरीतींत हात घालायचा नाही हे धोरण. रखमाबाईची कैद टळली ती १८८८च्या तडजोडीने, दादाजीला २,००० रुपये देऊन. ती १८८९मध्ये लंडनला गेली आणि स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजात शिकू लागली. ती तिथे असतानाच, मार्च १८९१मध्ये, अपील कोर्टाने जॅक्सन खटल्यात निकाल दिला की कोर्टाचा हुकूम हाती असला तरी नवऱ्याला बायकोला पकडून घरात कोंडून ठेवता येणार नाही. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या बायकोला रस्त्यावरून उचलून गाडीत घालणाऱ्या एका नवऱ्याचं ते प्रकरण होतं.

हिंदुस्थानात कैदेची तरतूद १९२३मध्ये गेली. इंग्लंडने तो दावाच १९७०मध्ये रद्द केला. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली तो आजही लावता येतो.